गाडीची टिकटिक वेळीच ऐका

आपल्या गटांतल्या कितीतरी घरांचं पोट गाडीवर चालतं. जुनी सुमो, बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओ. आठवडाभर भाडी, सणासुदीला फराळाची खोकी. अशा गाडीच्या दुरुस्तीसाठी गटाकडे कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा आम्हाला एक शब्द हमखास ऐकू येतो : मॅनिफोल्ड. ते काय असतं आणि त्याचा खर्च एवढा का फुगतो, ते आज समजून घेऊ.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला गरम धूर बाहेर पडतो. तो गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो बहुधा बिडाचा असतो. बिडाचा तवा आपण रोज वापरतो. तापलेल्या तव्यावर एकदम गार पाणी ओतलं तर त्याला तडा जातो. इथेही तेच होतं. ओझं घेऊन चढ चढताना हा भाग ५००-६०० अंशांपर्यंत तापतो, गाडी थांबली की गार होतो. वर्षानुवर्षं फुगून आणि आकसून तो वाकडा होतो, चिरतो, किंवा त्याला धरणारे स्टड तुटतात. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यात तापलेली गाडी घातली, तर धोका आणखी वाढतो.

ओळखायचं कसं? सकाळी गाडी सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो. बॉनेटखाली जोडापाशी काळी काजळी दिसते. गाडीत धुराचा वास येतो. टर्बो असेल तर ओढ कमी होते. पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका. तपासणीची नळी मागे सायलेन्सरला लावतात, पुढची गळती त्यात कळेलच असं नाही.

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. बॉनेटखालचा धूर हवेच्या झडपांतून आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वासही नसतो. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. गाडीत डोकं दुखलं, गरगरलं, तर काचा उघडा, गाडी थांबवा, खाली उतरा.

आता खर्चाकडे वळू. नुसतं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, फुंकलं असेल तर काम थोडक्यात आटपतं. दुर्लक्ष केलं की गरम वायू त्या फटीतून सुटत राहतो, जोडाची जागा खातो. मग मॅनिफोल्ड बदलावा लागतो. खरा खर्च मात्र गंजलेल्या स्टडचा असतो. खोलताना तो मोडून इंजिनाच्या हेडमध्ये अडकला, तर ड्रिल करून काढावा लागतो. कधी अख्खं हेड उतरवावं लागतं. तिथे मजुरी सुट्या भागापेक्षा जास्त होते.

म्हणून गॅरेजवाल्या दादांना हे प्रश्न जरूर विचारा. गॅस्केट गेलंय की मॅनिफोल्ड चिरलाय? चीर दाखवा म्हणावं. स्टड खोलण्याआधी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवणार का? मॅनिफोल्ड वाकला असेल तर मशीनवर सपाट करून मिळेल का? आणि स्टड मोडला तर वरचा खर्च किती, तेही आधीच लिहून घ्या. बिडाला साधं वेल्डिंग टिकत नाही, शेजारी पुन्हा तडा जातो. कुर्ल्याच्या बाजारातून जुना भाग आणलात, तर बसवण्याआधी त्याचा तोंडाचा भाग सरळ आहे का, कुठे बारीक चीर आहे का, ते पाहून घ्या. गॅस्केट मात्र नवंच टाका.

गाडी लांबून आली की बंद करण्याआधी मिनिटभर सावकाश चालू ठेवा. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नका. आणि टिकटिक ऐकू आली की त्याच आठवड्यात गाडी दाखवा. गटाकडे कर्ज मागताना दोन गॅरेजचे लेखी अंदाज आणलेत, तर किती रक्कम खरोखर लागणार, हे बैठकीत सगळ्यांनाच कळेल. गटातला पैसा आपल्याच घामाचा आहे, तो विचारून-पारखून खर्च करू या.