‘हार्ड’ आणि ‘हार्डली’: मुलं इथेच चुकतात
इंग्रजीतलं अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण. उर्दू माध्यमातली मुलं त्याला मुतअल्लिक-ए-फेल म्हणतात. क्रिया कशी, कुठे, केव्हा, किती वेळा, किती प्रमाणात, हेच त्याचे मुख्य प्रकार. एवढं पाठ असतं. घोळ पुढे होतो. ‘ली’ लावलं की अ‍ॅडव्हर्ब झालं, असं मुलं धरून चालतात. मग उद्या मुलाखतीत मुलगी सांगते, ‘आय वर्क हार्डली’. तिला म्हणायचं असतं, मी खूप मेहनत करते; पण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! मेहनतीसाठी नुसतं ‘हार्ड’. ‘फास्ट’लाही ‘ली’ नको. उलट ‘फ्रेंडली’ हे विशेषण. ‘ऑलवेज’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतं, ‘शी ऑलवेज कम्स अर्ली’. पण ‘इज’च्या नंतर, ‘शी इज ऑलवेज अर्ली’. वहीत याद्या उतरवण्यापेक्षा घरी रोज अशी दोन वाक्यं मुलांकडून बोलून घ्या.