ठोक्यांची गोळी आणि थायरॉइड

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या घरात सगळ्यांचे लक्ष रुग्णाच्या हातापायांकडे आणि बोलण्याकडे असते. लालबागच्या चाळीतले आजोबा आधी गॅलरीत चालू लागतात, मग जिना उतरण्यापर्यंत मजल जाते. आणि काही महिन्यांनी गाडी अडते. दिवसभर झोप येते, बोलणे मंदावते, पोट साफ होत नाही, उकाड्यातही गार वाटते. घरचे म्हणतात, 'झटक्याचाच परिणाम, वयही झाले.' पण कधी कधी कारण वेगळेच असते. ते औषधांच्या डब्यात सापडते.

पक्षाघाताच्या अनेक रुग्णांत मूळ दोष हृदयात असतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित झाले की तिथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत जाऊन अडकते. ठोक्यांची लय सांभाळण्यासाठी अशा काही रुग्णांना 'अमिओडॅरोन' दिले जाते. औषध गुणकारी आहे, पण त्याच्या रेणूची रचना थायरॉइडच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे आणि त्यात आयोडीन भरपूर आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्यातले साधारण ६ मिलिग्रॅम रोज शरीरात सुटे होते. आपली रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे हे आयोडीन गरजेच्या चाळीस पट झाले.

या माऱ्याने काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावते, तर काहींची उलट बेफाम होते. मग वजन घटते, हात थरथरतात, धडधड वाढते आणि ज्या ठोक्यांसाठी गोळी घेतली तेच पुन्हा बिघडतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर धोका दुहेरी असतो. थायरॉइड वाढला की वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. थायरॉइड मंदावला की परिणाम कमी पडून पुन्हा गुठळीची भीती.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची सुरुवात १९६३ची. वाढलेल्या थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तिथे होत आले आहेत. अमिओडॅरोनमुळे वाढलेल्या थायरॉइडवर मात्र हा उपाय बहुधा लागू पडत नाही, कारण ग्रंथी आधीच आयोडीनने तुडुंब भरलेली असते. म्हणून दोष लवकर ओळखणे महत्त्वाचे.

त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच व थायरॉइडच्या इतर चाचण्या कराव्यात. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच तात्पुरते वाढू शकते, त्याने घाबरून जाऊ नये. हे औषध शरीरात महिनोन्‌महिने टिकते. गोळी बंद झाल्यावरही काही काळ लक्ष ठेवावे लागते.

गोळी स्वतःहून बंद करणे मात्र धोक्याचे. ग्रंथी मंदावली असेल तर अनेकदा अमिओडॅरोन चालू ठेवून थायरॉक्सिनची जोड देता येते. पुढच्या तपासणीला जाताना औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी आणि एवढेच विचारावे, 'डॉक्टर, थायरॉइड शेवटचे कधी तपासले होते?'