वारणेचा तह : समेट कीं वांटणी?

पालघर जिल्ह्यांत डहाणूनजीक विवळवेढे नांवाचें गांव आहे. तेथील महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते. ही देवी मूळची कोल्हापूरची. फिरत फिरत ती इकडे आली व ह्याच डोंगरावर राहिली, अशी आमच्या भागांतील लोकांची श्रद्धा आहे. देवीस कोल्हापूर सोडून कोंकणाच्या ह्या टोकास येऊन स्थिर होतां आलें. परंतु कोल्हापूरची गादी व सातारची गादी ह्या एकाच घराण्याच्या दोन गाद्यांस, मध्यें अवघें चार मजलांचें अंतर असतांना, एकत्र येणें अखेरपर्यंत साधलें नाहीं. भावांभावांत तंटा विकोपास गेला म्हणजे घरांतील वडील माणसें म्हणतात, “एकदां वांटणी करून मोकळे व्हा.” हा सल्ला घरापुरता बहुधा शहाणपणाचा असतो. राज्यास तो लागू केला म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असल्यास मराठ्यांच्या इतिहासांतील १७०७ ते १७३१ ह्या चोवीस वर्षांच्या यादवीकडे व तिच्या शेवटीं झालेल्या तहाकडे वळलें पाहिजे.

ह्या तंट्यांतील मौज, किंवा दुर्दैव म्हणा, हें कीं दोन्ही पक्षांस न्यायाची बाजू होती. रायगड १६८९ सालीं मोंगलांच्या हातीं पडला, तेव्हां संभाजी महाराजांचा पुत्र शाहू सात वर्षांचा होता. त्याची पुढील सुमारें अठरा वर्षें बादशहाच्या छावणींत कैदेंत गेलीं. इकडे राजाराम महाराज जिंजीहून परतून १७०० त सिंहगडावर निवर्तले आणि त्यांच्या पत्नीनें, पंचवीस वर्षांच्या ताराबाईनें, आपल्या अल्पवयी पुत्रास गादीवर बसवून खुद्द औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज दिली. १७०७ त बादशहा मेला. आझमशहानें उत्तरेकडे जातांना वाटेंत शाहूस सोडून दिलें. मराठ्यांच्या घरांत कलह पेटावा हा त्यांतला हेतु उघड होता. शाहू म्हणे, ज्येष्ठ शाखेचा वारस मी. ताराबाई म्हणे, संभाजी महाराजांचें राज्य शत्रूनें बुडविलें. आज जें आहे तें माझ्या पतीनें नव्यानें उभें केलें व मी राखलें. शास्त्रार्थानें पाहतां शाहूची बाजू बळकट, कर्तबगारीनें पाहतां ताराबाईची. अशा तंट्यास निवाडा नसतो. त्यास तडजोडच लागते, आणि तीही लवकर लागते.

ती लवकर झाली नाहीं. ताराबाईनें शाहूस तोतया ठरविलें. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं भीमातीरीं खेड येथें दोन्ही सैन्यें भिडलीं. धनाजी जाधव शाहूस मिळाला व लढाईचा निकाल लागला. पुढच्याच जानेवारींत शाहूस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईनें पन्हाळ्याकडे जाऊन आपली गादी निराळी मांडली. १७१४ त तिच्याच दरबारांत उलथापालथ झाली. सवत राजसबाई हिनें आपला पुत्र संभाजी यास पुढें केलें आणि ताराबाई व तिचा मुलगा कैदेंत पडलीं. म्हणजे फुटलेल्या घराची एक बाजू आणखी फुटली.

रणांगणावरील हानीहून मोठी हानी दोन्ही दरबारांच्या दफ्तरांत होत होती. सरदार आपल्याकडे वळावा म्हणून एकानें एक महाल द्यावा, तर दुसऱ्यानें दोन देऊं करावे. जो अधिक देईल तो धनी. कान्होजी आंग्रे ताराबाईच्या पक्षाचा. त्यास बाळाजी विश्वनाथानें १७१४ त शाहूकडे आणलें खरें, पण किल्ले, मुलूख व आरमाराची मुखत्यारी त्याच्या हातीं ठेवूनच. रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ लिहिलें तें ह्याच काळांत, कोल्हापूरच्या संभाजीच्या राज्यांत. वतनें व गांव वाटीत सुटल्यानें राज्य क्षीण होतें, हा इशारा त्यांत आहे. मराठींतील राजनीतीवरचा हा श्रेष्ठ ग्रंथ अर्ध्या राज्यांत बसून लिहिला गेला, ही गोष्ट मला नेहमीं खिन्न करते.

घरांतील फुटीचा उपयोग शेजारी करणारच. निजामानें चौथाईचा पैसा अडवून प्रश्न टाकला कीं, छत्रपति दोन, तर पैसा द्यावा कोणास? कोल्हापूरचा संभाजी त्याच्या गोटांत जाऊन राहिला. बाजीरावानें १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेड येथें निजामास कोंडलें व मार्चांत मुंगी शेवगांवचा तह करून घेतला, तेव्हां कोठें तो डाव फसला. १७३० त शाहूच्या फौजेनें वारणेकांठीं संभाजीचा पराभव केला. छावणींतील राजस्त्रिया हातीं सांपडल्या. शाहूनें त्यांचा मान राखून राजसबाईस परत पाठविलें. ताराबाई मात्र परत गेली नाहीं, साताऱ्यासच राहिली. तिचें हें राहणें पुढें फार महाग पडावयाचें होतें.

१७३१ च्या फेब्रुवारींत कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघां चुलतभावांची थाटाची भेट झाली. त्या वर्षाच्या १३ एप्रिलास तह ठरला. वारणेच्या दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख संभाजीनें खावा. मिरज, अथणी, तासगांव, विजापूर येथील ठाणीं शाहूकडे द्यावीं. कोपळ संभाजीकडे जावें व रत्नागिरी शाहूनें घ्यावी. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जें जिंकलें जाईल तें निम्मेंनिम्म. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही. आणि एकाच्या चाकरींतून निघालेल्यास दुसऱ्यानें आश्रय देऊं नये.

हें शेवटचें कलम वाचकांनीं पुन्हां एकदां पाहावें. फितव्याची वाट बंद करण्याकरितां तें घातलें होतें. परंतु ज्या राज्यास एकच धनी आहे, तेथें अशा कलमाची गरजच पडत नाहीं. धर्मशास्त्रांत दायविभाग एकदांच होतो व तो झाला म्हणजे भाऊ परस्परांस मोकळे होतात. शाहू मनानें दयाळु व कुटुंबवत्सल होता. त्यानें राज्याचा प्रश्न दायविभागाच्या रीतीनें सोडविला. पण शेताची वांटणी झाली तरी शेत पिकतें. सार्वभौमत्वाचे दोन तुकडे झाले म्हणजे प्रत्येक असंतुष्ट मनुष्यास दुसरें दार कायमचें उघडें राहतें. इंग्लंडांत लँकॅस्टर व यॉर्क घराण्यांच्या युद्धानंतर सातव्या हेन्रीनें १४८६ त यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशीं विवाह केला व पुढच्या पिढींत दोन हक्क एकाच मुलाच्या अंगीं आले. वारणेच्या तहानें माणसांची भेट घडविली. हक्क दोनाचे दोनच राहिले, नव्हे, ते लेखी झाले.

तहाचें श्रेय मात्र नाकारूं नये. दक्षिणेकडील घरची आग निवाली म्हणूनच मराठ्यांस उत्तर कोंकणाकडे सर्व बळानें पाहतां आलें, असें माझें मत आहे. १७३७ त चिमाजी अप्पाची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या जानेवारींत तारापूर घेतलें गेलें, आमचा डहाणूचा किनारा पोर्तुगीजांच्या अमलांतून सुटला आणि मे महिन्यांत वसई पडली.

परंतु समेट वरवरचा होता, याचा प्रत्यय लौकरच आला. १७४० त नानासाहेब पेशव्यानें संभाजीशीं गुप्त करार केला कीं शाहूच्या पश्चात् दोन्ही राज्यें त्याच्या छत्राखालीं एक करावीं. विचार योग्य होता. पण खुद्द शाहूनें अखेरच्या आज्ञेंत कोल्हापूरकरांस आणूं नये असें बजावलें. मायेनें भेटलेल्या भावास गादी द्यावयाची वेळ आली, तेव्हां अठरा वर्षांपूर्वींची ती भेट कामास आली नाहीं! ताराबाईनें आपला नातू म्हणून रामराजास पुढें केलें. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारला व रामराजा छत्रपति झाला. तो आपल्या मुठींत राहत नाहीं असें दिसतांच ताराबाईनें १७५० च्या नोव्हेंबरांत त्यास सातारच्या किल्ल्यावर कैद केलें आणि तोही तोतया ठरला. १७५२ त जेजुरीस देवासमोर तिनें तो आपला नातू नव्हे अशी शपथ वाहिली. ह्या बाईस केवळ महत्त्वाकांक्षी म्हणून निकालांत काढण्याची रीत पडली आहे. ती मला पसंत नाहीं. औरंगजेबाशीं झुंजलेल्या तिच्या पक्षाच्या कष्टांची जाणीव कोणत्याच तहाच्या कोणत्याच कलमांत नव्हती. तिनें पेटविलेल्या शेवटच्या वणव्यांत मात्र छत्रपतींची सत्ता जळाली. रामराजा १७७७ पर्यंत नांवाचा राजा राहिला.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. कोल्हापूरचा संभाजी १७६० त निपुत्रिक वारला. पेशव्यांनीं तें राज्य साताऱ्यास जोडूं पाहिलें. त्याच्या राणी जिजाबाईनें दाद दिली नाहीं व १७६२ त दत्तक घेऊन गादी राखली. पुण्याचे सरदार पटवर्धन व कोल्हापूरकर यांचीं भांडणें चालूच राहिलीं. १७९९ त पट्टणकोडोलीच्या लढाईंत परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरच्या फौजेकडून मारले गेले. १८१२ त कोल्हापूरनें इंग्रजांशीं स्वतंत्र तह करून मालवण त्यांस दिलें. वारणेच्या तहानें जो भेद घरांत लिहिला, त्यावर आतां परक्याची मोहोर बसली. १८१७–१८ च्या युद्धांत पेशवाई बुडाली तेव्हां कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूस होतें, व त्याबद्दल चिकोडी आणि मनोळी त्यास मिळालीं. सातारचें राज्य राजाच्या १८४८ मधील निधनानंतर इंग्रजांनीं खालसा केलें. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि वारणेच्या दोन्ही तीरांवर एकच कारभार सुरू झाला. त्या दिवशीं सातारच्या गादीचें राज्य जाऊन शंभर वर्षें होत आलीं होतीं.