मांसल वनस्पती, गृहशोभेच्या
पाने, खोड अथवा मुळे यांतील ऊतकांत पाणी साठवून दीर्घ काळ अवर्षण सहन करणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात. हे एखादे नैसर्गिक कुल नसून, कोरड्या परिस्थितीशी झालेल्या अनुकूलनामुळे परस्परांसारख्या दिसणाऱ्या भिन्न कुलांतील वनस्पतींचा तो समूह आहे. क्रॅसुलेसी (पानफुटी), कॅक्टेसी (निवडुंग), यूफोर्बिएसी (शेर), ॲस्फोडेलेसी (कोरफड), ॲस्परॅगेसी (स्नेक प्लांट) व ॲपोसायनेसी (खरपुडी) ही त्यांतील काही महत्त्वाची कुले होत. कॅक्टेसी कुलातील बहुतेक सर्व वनस्पती मांसल असल्या, तरी प्रत्येक मांसल वनस्पती त्या कुलातील नसते. कॅक्टेसीमध्ये काटे व फुले खोडावरील विशिष्ट लवयुक्त उंचवट्यांतून उगवतात. असे उंचवटे शेरासारख्या वनस्पतींत नसतात व त्यांच्या अंगात पांढरा चीक असतो.

आकारांचे व रंगांचे वैचित्र्य, मंद वाढ, लहान कुंडीत भागणारी गरज व काही दिवस पाणी न मिळाले तरी टिकून राहण्याची क्षमता यांमुळे शहरांतील घरांत या वनस्पती लोकप्रिय झाल्या आहेत. तथापि घरात आणलेली अनेक रोपे थोड्याच महिन्यांत मरतात. प्रकाशाची कमतरता व पाण्याचे आधिक्य ही त्याची दोन मुख्य कारणे असून, दोन्ही टाळण्याचा मार्ग जागेचा विचार करून केलेल्या निवडीपासून सुरू होतो.

शरीरक्रिया : सामान्य वनस्पतींची त्वग्रंध्रे दिवसा उघडी असतात. अनेक मांसल वनस्पतींत ती मुख्यत्वे रात्री उघडतात, त्यामुळे बाष्पोच्छ्‌वासाने होणारी पाण्याची हानी कमी होते. रात्री शोषलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने कोशिकांतील रिक्तिकांत साठविला जातो व दिवसा रंध्रे मिटलेली असताना तो मुक्त होऊन प्रकाशसंश्लेषणास वापरला जातो. पानफुटीची पाने सकाळी आंबट व दुपारी बेचव लागतात, असे बेंजामिन हाइन यांना भारतात आढळले. त्यांचे हे निरीक्षण 1815 मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. या प्रक्रियेला पुढे क्रॅसुलेसी कुलावरून नाव मिळाले.

या क्रियेवरून अशा वनस्पती रात्री ऑक्सिजन देतात असा समज रूढ झाला आहे. परंतु ऑक्सिजनाची निर्मिती प्रकाशातच होते, रात्री केवळ कार्बन डाय-ऑक्साइडाचे शोषण होते. त्या खोलीतील हवा शुद्ध करतात हा समज 1989 मध्ये अमेरिकेत बंदिस्त पेटीत केलेल्या प्रयोगांवर आधारलेला आहे. वाहती हवा असलेल्या घरात काही कुंड्यांचा असा परिणाम नगण्य असतो, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या समालोचनात दाखविण्यात आले. म्हणून निवडीचा निकष शोभा व जागेची अनुकूलता हाच असावा.

निवड : प्रथम प्रकाश पाहावा. खिडकीपासून जसजसे आत जावे, तसतसा प्रकाश झपाट्याने कमी होतो. डोळ्यांना उजेड पुरेसा वाटला, तरी वनस्पतीला तो अपुरा असू शकतो. अपुऱ्या प्रकाशात खोड लांबते, पाने विरळ व फिकी होतात आणि मूळचा घाटदार आकार पुन्हा येत नाही.

मंद प्रकाशासाठी पश्चिम आफ्रिकेतील स्नेक प्लांट (पूर्वीची सॅन्सेव्हिएरिया, आता ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा) सर्वांत सोशिक आहे. तलवारीसारख्या उभ्या पानांवर गडद व फिक्या हिरव्या रंगांचे आडवे पट्टे असतात. पिवळ्या कडेच्या प्रकाराची अभिवृद्धी पानांच्या तुकड्यांपासून केल्यास नव्या रोपांत पिवळी कड येत नाही. त्यासाठी मूलक्षोडाचे विभाजन करावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील हॉवर्थिया निसर्गतः झुडपांच्या व खडकांच्या सावलीत वाढत असल्यामुळे खिडकीजवळच्या मेजावर चांगली वाढते. पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या रेषा असलेले तिचे प्रकार विशेष शोभिवंत असतात.

काही तास ऊन येणाऱ्या खिडकीत जेड (क्रॅसुला ओव्हेटा) लावतात. जाड खोड व चकचकीत गोलसर पाने यांमुळे ती लहान वृक्षासारखी दिसते. मादागास्करमधील कलांचो ब्लॉसफेल्डियाना हिला लाल, नारिंगी, पिवळ्या वा गुलाबी फुलांचे झुबके येतात. तिला फुले येण्यासाठी काही आठवडे रोज सुमारे 14 तास अखंड अंधार लागतो. म्हणून रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या खोलीत तिला कळ्या धरत नाहीत.

मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील एचेव्हेरिया तिच्या कमळासारख्या पर्णगुच्छामुळे सर्वाधिक मोह घालते; परंतु तिला भरपूर ऊन व खेळती हवा लागते. दख्खनच्या पठारावरील कोरड्या हिवाळ्यात उघड्या सज्जात तिचे रंग खुलतात; कोकणच्या दमट पावसाळ्यात मात्र ती सहज कुजते. दगडासारखी दिसणारी लिथॉप्स हिला पानांची नवी जोडी बाहेर पडत असताना पाणी देऊ नये. जुनी पाने आटून त्यांतील पाणी नव्या पानांना मिळते. नवशिक्याने ती टाळणे इष्ट होय.

रोप घेताना खोडाचा बुंधा टणक आहे, पाने मऊ वा पारदर्शक झालेली नाहीत आणि पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस नाही, हे पाहावे. रंगविलेली वा कृत्रिम फुले चिकटविलेली रोपे घेऊ नयेत. लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरात शेराच्या प्रजातीतील (यूफोर्बिया) वनस्पती आवाक्याबाहेर ठेवाव्यात. त्यांचा चीक त्वचेला दाहक व डोळ्यांना अपायकारक असतो. कलांचो, जेड व स्नेक प्लांट खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना विषबाधा होते.

लागवड व निगा : तळाला भोक असलेली मातीची कुंडी उत्तम. पोयटा, जाड वाळू व विटांचा चुरा समभाग घेऊन त्यांत थोडे कुजलेल्या पानांचे खत मिसळतात. वरची माती पूर्णपणे सुकल्यावरच भरपूर पाणी द्यावे व बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. रोज थोडेथोडे पाणी देणे घातक असते. पावसाळ्यात व थंडीत पाणी बरेच कमी करावे. सुरकुतलेली पाने पाण्याने पूर्ववत होतात. कुजलेली मुळे होत नाहीत. जेड, कलांचो इत्यादींची अभिवृद्धी छाट कलमांनी करतात. कापलेला भाग काही दिवस सावलीत सुकवून मगच लावतात. पिठ्या ढेकूण आढळल्यास स्पिरिटात भिजविलेल्या कापसाने पुसून काढतात.

संरक्षण : अनेक मांसल जाती अत्यंत मर्यादित क्षेत्रात आढळतात व सावकाश वाढतात. शौकिनांच्या मागणीमुळे दक्षिण आफ्रिकेत 2019 नंतर कोनोफायटम प्रजातीतील वनस्पतींची मोठ्या प्रमाणावर चोरटी उपटणी झाली. वॉशिंग्टन येथे 1973 मध्ये झालेल्या व भारताने 1976 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारानुसार कॅक्टेसी कुलातील बहुतेक जाती आणि सामान्य कोरफड वगळता तिच्या प्रजातीतील इतर जाती यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे. महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका) ही केवळ याच राज्यात आढळते. तिला पावसाळ्यात पाने येतात, ती कोरड्या ऋतूत गळतात. फुले तांबूस व पिवळ्या ठिपक्यांची असतात. छाटांपासून ती कुंडीत सुलभपणे वाढते, त्यामुळे तिच्या शोभेसाठी कड्यावरील झाड उपटण्याचे कारण उरत नाही. रोपवाटिकेत बी वा छाटांपासून वाढविलेली रोपेच विकत घेणे, हा नियम सर्व मांसल वनस्पतींना लागू आहे. रानातून उपटलेली जुनी झाडे सामान्यतः घरात रुजत नाहीत आणि त्यांच्या मूळ स्थानी पडलेली उणीव भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.