तेरेखोलच्या पलीकडे अर्धा वाटा; अलीकडे काय?

आरोंद्याचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. आपल्या मुली तिकडे दिल्या जातात, तिकडच्या मुली आपल्याकडे सून म्हणून येतात. भाषा एक, वंदना एक. कायदे मात्र दोन. संसार मोडतो तेव्हाच हे कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आला. 1961 साली गोवा मुक्त झाला तरी 1962 च्या कायद्याने तो कायम राहिला. त्याचे मुख्य सूत्र असे, की लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. घटस्फोट झाला तर तिची निम्मी वाटणी होते. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही.

पण भगिनींनो, हा हक्क नोंदणीवर उभा आहे. तिथे विहारातील मंगल परिणय पुरेसा नाही. नागरी निबंधकाकडे दोनदा जावे लागते. पहिली सही फक्त लग्नाच्या इराद्याची असते. ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही केली तरच विवाह होतो. पहिल्या सहीवर थांबलेली मुलगी कायद्याने पत्नीच ठरत नाही. तसेच लग्नाआधी कोणी कराराचा कागद पुढे केला, तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

सिंधुदुर्गात 1955 चा हिंदू विवाह कायदा लागतो. धर्म आपला बौद्ध असला, तरी त्या कायद्यात बौद्धांचा स्पष्ट समावेश आहे. इथे मात्र अर्धा वाटा आपोआप मिळत नाही. नवऱ्याच्या नावावरचे घर नवऱ्याचेच राहते. पत्नीला पोटगी मागता येते आणि स्त्रीधन तिचेच असते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली छळ झालेल्या स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. दोघांची संमती असेल तर एक वर्ष वेगळे राहिल्यावर घटस्फोटाचा अर्ज करता येतो. वाडीच्या बैठकीत स्टँपपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबू नका; तिच्यावर दुसरे लग्न केले तर ते कोर्टात टिकेलच असे नाही.

वकिलाच्या फीची धास्ती नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करावी.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीला घटस्फोटाचा आणि मालमत्तेचा हक्क मिळावा, हा त्या बिलाचा गाभा होता. त्या त्यागाची आठवण फक्त जयंतीच्या भाषणात नको. मुलीचे लग्न ठरवताना मानपानाच्या यादीआधी नोंदणीची तारीख ठरवा. दाखल्याची एक प्रत मुलीच्या हाती द्या, दुसरी माहेरच्या ट्रंकेत ठेवा.

जयभीम!