रुमाल कोणत्या रंगाचा?

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातला रुमाल डोळ्यांसमोर आणा. पांढराशुभ्र, त्यावर स्ट्रॉबेरीची लाल नक्षी, बरोबर? रंगमंचावर तो वर्षानुवर्षं तसाच दिसत आलाय. संहितेत मात्र तो पांढरा असल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. उलट ऑथेल्लो सांगतो, की हे कापड ममीपासून केलेल्या अर्कात रंगवलंय. २०१३ मध्ये इयन स्मिथ या अभ्यासकाने त्यावर बोट ठेवलं: असा अर्क काळसर, मग रुमालही काळाच असायला हवा. पांढरा तो आपण केला.

वसाहतोत्तर समीक्षेचं, म्हणजे साम्राज्य आणि वंश लक्षात ठेवून केलेल्या वाचनाचं, काम साधारण असंच चालतं. शेक्सपिअर वंशद्वेष्टा होता की नव्हता, या वादात मला फारसा रस नाही. नाटकात ठळकपणे असलेला रंग वाचणाऱ्यांना इतकी वर्षं का दिसला नाही, हा प्रश्न जास्त बोचणारा आहे.

आणि दिसू नये असा तो नाहीच. पहिला प्रवेश घ्या. व्हेनिसमधली रात्र. ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो आणि त्याचा साथीदार रॉडेरिगो ब्राबान्शिओच्या घराखाली बोंब ठोकतात, तुझी मुलगी पळाली म्हणून. कुणाबरोबर? अख्ख्या प्रवेशात व्हेनिसचा सेनापती असलेल्या ऑथेल्लोचं नाव एकदाही येत नाही. तो नुसता ‘मूर’, म्हणजे आफ्रिकी. नाहीतर जाड ओठांचा, काळा मेंढा, बार्बरीचा घोडा. माणूस प्रेक्षकांसमोर यायच्या आधी त्याच्या नावाने जनावरं येऊन जातात. पुढे तो येतो आणि साऱ्या व्हेनिसपेक्षा भारदस्त बोलतो, तेव्हा प्रेक्षकाची पंचाईत होते.

इंग्लंडकडे तेव्हा साम्राज्य कुठे होतं, असा आक्षेप इथे हमखास येतो. तो निम्मा खरा आहे. १६०० मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील स्पेनविरुद्ध युतीची बोलणी करायला लंडनला आला आणि काही महिने राहिला. म्हणजे मूर हा दोस्तही होता. पण त्याआधी चारच वर्षं, १५९६ मध्ये, राणी एलिझाबेथच्या दरबारातून देशातले काळे लोक बाहेर पाठवण्याची पत्रं निघाली होती. १ नोव्हेंबर १६०४ रोजी राजवाड्यात ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला. पुढच्याच जानेवारीत, बेन जॉन्सनच्या ‘मास्क ऑफ ब्लॅकनेस’ या दरबारी खेळात नव्या राजाची राणी ॲन आणि तिच्या सख्या अंगाला काळा रंग लावून उतरल्या. कथा काय, तर नायजर नदीच्या मुली गोऱ्या व्हायला ब्रिटनला येतात!

पुढे कोलरिजसारख्या थोर समीक्षकालाही काळ्या आफ्रिकी माणसावर ब्राबान्शिओची मुलगी डेस्डिमोना भाळेल हे पटेना. त्याने ऑथेल्लोचा काळेपणाच नाकारला. आम्ही कॉलेजात हे नाटक शिकलो ते ‘मत्सराची शोकांतिका’ म्हणून. रंगाबद्दल सरांनी अवाक्षर काढलं नाही आणि गोरी वधू पाहिजे अशा जाहिराती वाचत वाढलेल्या आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. दिल्लीत इंग्रजी शिकवलेल्या आनिया लूम्बांनी १९८९ च्या पुस्तकात भारतीय वर्गांमधल्या नेमक्या याच मौनाचा समाचार घेतला. शेक्सपिअर ‘वैश्विक’ म्हणून शिकवला, की त्याच्याबरोबर आलेलं राज्य झाकलं जातं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. शिवाय वंश आणि स्त्री हे दोन प्रश्न त्या वेगळे काढत नाहीत. काळ्या सेनापतीची भीती आणि बापाला न विचारता लग्न करणाऱ्या मुलीचा राग व्हेनिसमध्ये एकाच तोंडून बाहेर पडतो.

नाटकाचा शेवट तर फारच जीवघेणा. अलेप्पोत व्हेनिसच्या माणसाला मारणाऱ्या तुर्काला आपण कसं ठार केलं, हे सांगता सांगता ऑथेल्लो तसाच वार स्वतःवर करतो. व्हेनिसचा शिपाईही तोच, शत्रूही तोच.

काळ्या नटाने कुठली एक भूमिका करूच नये, तर ती कदाचित ऑथेल्लोची, असं नट ह्यू क्वार्शी १९९८ मध्ये म्हणाले होते. २०१५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यांनीच ती केली. त्यांच्यासमोर इयागो होते लुशियन मसमाटी. तेही काळेच.