बॅटरी परत येतेय म्हणे!

एकच फॉरवर्ड मला या महिन्यात चौदा जणांनी पाठवला. युरोपने मोबाइल कंपन्यांचं नाक दाबलं, १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी घरच्या घरी काढता येणार, आणि खाली टाळ्यांची रांग. माझ्या मेहुण्याला तर कायद्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला आठवत होता तो नखाने मागचं झाकण सरकवून, बॅटरी काढून, फुंकर मारून परत बसवायचा जुना नोकिया. फोन अडला की हाच रामबाण इलाज असायचा.

त्याचा हिरमोड करायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण केला. कायदा खरा आहे, तारीखही खरी आहे. फोनपुरती मेख मात्र दुसऱ्याच नियमात आहे, जो २० जून २०२५ पासून युरोपात लागूही झालाय. फोनमध्ये धूळ शिरत नसेल, एक मीटर पाण्यात अर्धा तास तो तग धरत असेल आणि बॅटरी ५०० चार्जनंतर ८३ टक्के, १००० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखत असेल, तर ती ग्राहकाला काढता आलीच पाहिजे असं नाही. कारागिराला काढता आली की झालं. (एक चार्ज म्हणजे एकदा पिन लावणं नव्हे. आज चाळीस टक्के वापरली, उद्या साठ, की एक चार्ज पुरा.) आता महागड्या फोनांची जाहिरात आठवून बघा. पाणी, धूळ, टिकाऊपणा. बहुतेक या पळवाटेतून अलगद बाहेर पडतात.

आणि हा हजाराचा आकडाही मोठा मजेशीर आहे. ‘५०० चार्जनंतर ८० टक्के’ हे ॲपलचं वर्षानुवर्षांचं वाक्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की आयफोन १५ च्या बॅटऱ्या नव्याने तपासल्या, तर त्या हजार चार्ज टिकतात. फोन आधीच लोकांच्या खिशात होते. बॅटरी तीच, आकडा दुप्पट. चाचणी खोटी होती असं मी म्हणत नाही. मुहूर्त मात्र छान साधला.

‘बॅटरी निघाली की पाणी शिरणार’ हा कंपन्यांचा लाडका युक्तिवाद. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस-५ ज्यांनी वापरला त्यांना तो ऐकवू नये. त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं, आत रबराची कड होती आणि फोन पाण्यात पडला तरी चालायचा. पुढच्याच वर्षी एस-६ आला, काच चिकटवलेला. झाकण गेलं ते पाण्यामुळे नाही. काचेचा बारीक, गुळगुळीत फोन हातात छान वाटतो म्हणून गेलं, आणि खरं सांगायचं तर आपणच तो रांगा लावून घेतला.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच माझ्या फोनची स्क्रीन एका कडेने उचलली गेली. बॅटरी फुगली होती. अधिकृत सेवा केंद्रात (कंपनीचं नाव जाऊ द्या) सांगितलं, पार्ट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, आणि या मॉडेलला इतका खर्च करण्यापेक्षा सर, एक्स्चेंजमध्ये बघा ना. मी पुण्यातली तपकीर गल्ली गाठली.

तिथला कारागीर पंधरा वर्षं हेच करतोय. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, माणूस आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. त्याने फोन गरम प्लेटवर ठेवला, डिंक मऊ झाल्यावर गिटारवाल्यांची असते तसली प्लास्टिकची त्रिकोणी पट्टी फटीत घातली आणि कडेकडेने फिरवली. पोळी तव्यावरून सोडवावी तसं झाकण सुटलं. खाली टम्म फुगलेली चंदेरी पिशवी. तिच्या कडेला त्याने स्पिरिटचे दोन थेंब सोडले, थांबला, आणि धातूचं एकही हत्यार न लावता ती हळूच वर घेतली. टोचली तर पेट घेते. फुगते ती आतलं रसायन मोडून तयार झालेल्या वायूने. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून तासन्‌तास फोन तापवणाऱ्या माझ्यासारख्यांची ही कमाई.

“बघा, दहा मिनिटं झाली नाहीत,” तो म्हणाला. “काढणं हे काम नाहीच सर. घालायची कुठली, हे काम आहे.”

त्याच्या खणात ओरिजिनल म्हणून आलेल्या, कॉपी म्हणून आलेल्या आणि दुसऱ्या फोनातून काढलेल्या अशा तीन प्रकारच्या बॅटऱ्या होत्या. पहिल्या दोघींचं वेष्टन शब्दशः सारखं. फरक त्याला वजनावरून कळतो म्हणे. मला कळला नाही. शिवाय काही फोन आतून भाग ओळखतात. आयफोनमध्ये बॅटरी बदलली की तिची खातरजमा करता येत नाही, असा संदेश झळकू शकतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये भागांना असं कुलूप घालण्याविरुद्ध कायदाच केला. उलट बाजूने हेही कबूल केलं पाहिजे की आयफोन १६ मध्ये ॲपलने असा डिंक आणलाय जो नऊ व्होल्टचा सेल दीड मिनिट लावला की बॅटरी सोडतो. हे सांगितल्यावर आमचा कारागीर मनापासून हसला. तसला चौकोनी सेल त्याच्या मल्टिमीटरमध्येच होता.

माझ्या मते फॉरवर्डमध्ये नसलेली खरी बातमी इथे आहे. युरोपच्या त्याच २०२५ च्या नियमात आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट. यूएसबी-सीच्या सक्तीच्या वेळी आपलं आपोआप भागलं. युरोपची मुदत २८ डिसेंबर २०२४ ची होती, ॲपलने २०२३ मध्येच जगभरच्या आयफोन १५ ला ते भोक पाडलं, कारण दोन साचे कोण ठेवणार? पण सुटे भाग साच्यात येत नाहीत, ते गोदामात असतात. म्युनिकच्या गोदामात सात वर्षं बॅटरी ठेवायची सक्ती झाली म्हणून ती पुण्यात येणार नाही.

आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारी पोर्टल सुरू झालं. फोन किती दुरुस्त करता येतो याला गुण देण्याच्या शिफारशींचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारकडे गेला. गुण कंपनीनेच जाहीर करायचे आहेत. पोराने स्वतःच स्वतःचं प्रगतिपुस्तक भरायचं, तसं.

निघताना कारागिराला मेहुण्याच्या नोकियाची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीच्या ४ कोटी ६० लाख नगांबद्दल इशारा दिला होता, तापू शकतात म्हणून. लोकांनी झाकण काढलं, मागचा नंबर वाचला, बॅटरी बदलून घेतली, फोन तोच राहिला. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट-७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा साधारण २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत बोलवावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं.

त्याने खालचा खण ओढला. आत बीएल-५सीची चळत होती, नवी कोरी.

“कोण नेतं अजून?”

“भजनं वाजवायचे छोटे स्पीकर येतात ना, त्यात हीच बसते,” तो म्हणाला. “आज्या स्वतः येऊन घेऊन जातात. बसवून देऊ का विचारलं तर म्हणतात, नको, मी घालते घरी.”